आम्ही सर्व्हे मानत नाही

१३ जून २०२३ रोजी सकाळी महाराष्ट्रातल्या मोठ्या दैनिकांचं पहिलं पान एका जाहिरातीनं व्यापलं होतं. ‘राष्ट्रामध्ये मोदी, महाराष्ट्रामध्ये शिंदे’ असा मथळा, त्या दोघांचेच फोटो आणि सोबत एका सर्वेक्षणाचे आकडे. मुख्यमंत्री म्हणून एकनाथ शिंदे यांना २६.१ टक्के लोकांची पसंती, देवेंद्र फडणवीस यांना २३.२ टक्के. फरक २.९ टक्क्यांचा. हजारेक लोकांना विचारून केलेल्या सर्वेक्षणात तीन टक्के इकडे किंवा तिकडे होणारच, असं संख्याशास्त्र आधीच सांगून ठेवतं. त्या हिशेबानं दोघं जवळपास बरोबरीत होते. पण १०५ आमदारांच्या पक्षाचा नेता ४० आमदारांच्या नेत्याच्या मागे, तोही मित्रपक्षाच्या जाहिरातीत आणि स्वतःचा फोटो नसताना, हे संख्याशास्त्राच्या पुस्तकात कुठेच येत नाही.

त्याच दिवशी कोल्हापुरात दोघांचा एकत्र कार्यक्रम होता. फडणवीस गेले नाहीत. कान दुखतो आहे, डॉक्टरांनी विमानप्रवास टाळायला सांगितलंय, असं कारण देण्यात आलं. कान कुणाचाही आणि कधीही दुखू शकतो, त्याला जाहिरात लागत नाही. तरी त्या दिवशी अख्ख्या महाराष्ट्राला त्या कानाची काळजी लागली. शिंदे गटाकडून खुलासा आला की जाहिरात पक्षानं दिलेली नाही, कुणा हितचिंतकानं दिली. एका दिवसात सगळ्या दैनिकांची पहिली पानं विकत घेणारा हितचिंतक प्रत्येकाच्या नशिबी नसतो. दुसऱ्या दिवशी नवी जाहिरात झळकली. तीत फडणवीस होते, बाळासाहेब ठाकरे होते, आनंद दिघे होते, आणि आदल्या दिवसाची तुलना मात्र नव्हती. दरम्यान भाजपचे खासदार अनिल बोंडे यांनी बेडूक कितीही फुगला तरी त्याचा हत्ती होत नाही, असा प्राणिशास्त्रीय मुद्दा मांडला. पुढे दोघे नेते पालघरला एका व्यासपीठावर आले, युती भक्कम असल्याचं सांगून झालं आणि कानाचा विषय मागे पडला.

ही निवडणूकही नव्हती. विधानसभा जवळपास दीड वर्ष लांब होती. नुसत्या २.९ टक्क्यांवर एवढं रामायण घडतं, तर मतदानाला आठ दिवस उरलेले असताना आठ टक्क्यांनी घसरलेला उमेदवार काय करत असेल?

पहिल्यांदा तो एक वाक्य म्हणतो: ‘आम्ही सर्व्हे मानत नाही.’ पक्ष कोणताही असो, वाक्य हेच. त्याच्या मागोमाग ‘ग्राउंडवर चित्र वेगळं आहे’ येतं. ग्राउंड म्हणजे नेमकं कुठलं मैदान, हे विचारायचं नसतं. तरीही पत्रकारानं विचारलंच, तर ‘अंडरकरंट आहे’ असं उत्तर मिळतं. अंडरकरंटची सोय अशी की तो दिसत नाही, त्यामुळे तो नाही हेही कुणाला दाखवून देता येत नाही. शेवटी ‘खरा सर्व्हे मतपेटीतून बाहेर येईल’ असं म्हणून बाइट संपते. मतपेट्या जाऊन यंत्रं आली त्याला वीस वर्षं झाली, पण बाइटमधली मतपेटी अजून कुणी हलवलेली नाही.

पारावरचा कार्यकर्ता याच्याही पुढे जातो. ‘मला तर कुणी विचारलंच नाही,’ हा त्याचा बिनतोड सवाल. त्याचं उत्तर साध्या भागाकारात आहे. २०२४ च्या लोकसभेला देशात जवळपास ९७ कोटी मतदार होते, आणि मोठ्यात मोठा एक्झिट पोल पाच-सहा लाख लोकांना विचारून केलेला होता. म्हणजे साधारण पावणेदोन हजार लोकांत एकाची पाळी. गावातल्या कुणालाही विचारलं नाही, यात कटकारस्थान काही नसतं. शितावरून भाताची परीक्षा होते, हे आपल्याकडच्या घराघरात ठाऊक आहे. अडचण एवढीच की भारतातलं पातेलं खाली करपलेलं, मध्ये शिजलेलं आणि वर कच्चं असतं, आणि शीत कुठलं उचललं त्यावर सगळं ठरतं. शिवाय सर्व्हेला मतांची टक्केवारी कळते, तर टीव्हीला जागा हव्या असतात. टक्क्यांच्या जागा करताना दोन-तीन टक्क्यांची चूक पन्नास-साठ जागांना भोवते. उमेदवार म्हणतो त्यात म्हणूनच अगदीच तथ्य नसतं असं नाही. फक्त हे संख्याशास्त्र त्याला घसरल्यावरच आठवतं.

सर्व्हे न मानणाऱ्या पक्षांचं घरातलं वागणंही बघण्यासारखं असतं. महाराष्ट्रात आज तिकीट मागायला गेलेल्या इच्छुकाला पहिलं वाक्य ऐकू येतं ते ‘सर्व्हेत बघू’. २०२४ च्या लोकसभेला हिंगोलीत शिंदेसेनेनं हेमंत पाटील यांची उमेदवारी जाहीर केली आणि आठवडाभरात मागे घेतली. भाजपच्या सर्व्हेत नाव मागे पडलंय, अशी उघड चर्चा तेव्हा होती. त्यांच्या जागी बाबुराव कदम कोहळीकर आले. शेजारच्या यवतमाळ-वाशीममध्ये पाच वेळा खासदार झालेल्या भावना गवळी यांचं तिकीट कापून ते हेमंत पाटलांच्या पत्नी राजश्री पाटील यांना देण्यात आलं. दोन्ही जागा उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेनं जिंकल्या. सर्व्हेत मागे पडलेले पडलेच असते की नाही, ते कळायला मार्ग नाही. सर्व्हेनं उभे केलेले पडले, एवढं मात्र नोंदलं गेलं.

सर्व्हे मानायचा नाही म्हटल्यावर पुढची पायरी म्हणजे तो बंदच करायचा.

या मागणीचा भारतातला इतिहास संगीत खुर्चीच्या खेळासारखा आहे असं म्हणावं, तर त्या खेळात निदान गाणं थांबल्यावर एक जण तरी बाद होतो. १९९८ मध्ये निवडणूक आयोगानं आपल्या अधिकारात निर्देश काढून मतदानाच्या काळात कल जाहीर करण्यावर बंदी आणली. १९९९ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, कायदाच नसताना ही बंदी राबवणार कशी असा प्रश्न उभा राहिला आणि आयोगानं निर्देश मागे घेतले. २००४ मध्ये आयोगानं बोलावलेल्या बैठकीत राजकीय पक्षांनी बंदीच्या बाजूनं एकमुखी सूर लावला. भारतातल्या पक्षांचं एकमत झाल्याचे जे मोजके प्रसंग आहेत, त्यांत आमदार-खासदारांच्या पगारवाढीच्या शेजारी याची जागा लागते. त्यातून यथावकाश लोकप्रतिनिधित्व कायद्यात १२६-अ हे कलम आलं आणि २०१० पासून शेवटच्या टप्प्याचं मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल दाखवणं गुन्हा ठरलं. मतदानाआधीचे कल मात्र शेवटचे ४८ तास सोडले तर मोकळेच राहिले.

मग २०१३ साल आलं. राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड, दिल्ली या निवडणुका तोंडावर होत्या आणि सर्व्हे काँग्रेसला काही चांगलं दाखवत नव्हते. काँग्रेसनं आयोगाला पत्र लिहून कळवलं की हे कल शास्त्रीय नसतात, पारदर्शक नसतात, त्यांवर बंदी घालावी. भाजपला एकाएकी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा कळवळा आला. हरण्याची चिन्हं दिसू लागलेल्यानं नियम बदलायला सांगू नयेत, असा अरुण जेटलींचा युक्तिवाद होता. युक्तिवाद चोख होता. फक्त नऊ वर्षांपूर्वी त्यांचाही पक्ष बंदीच्याच बाजूला बसलेला होता. निकाल लागले तेव्हा राजस्थानात काँग्रेसच्या २०० पैकी २१ जागा आल्या, दिल्लीत ७० पैकी ८. पुढच्या मे महिन्यात लोकसभेत ४४. म्हणजे सर्व्हे चुकत होते ही काँग्रेसची तक्रार शेवटी खरीच निघाली. बहुतेकांनी काँग्रेसला जरा जास्तच जागा दिल्या होत्या.

बंदी मिळत नसली तर बहिष्कार टाकता येतो. ३१ मे २०२४ ला काँग्रेसनं जाहीर केलं की दुसऱ्या दिवशीच्या एक्झिट पोलच्या चर्चांना पक्षाचे प्रवक्ते जाणार नाहीत. दुसऱ्या दिवशी इंडिया आघाडीची बैठक झाली आणि जायचं ठरलं. बैठकीनंतर मल्लिकार्जुन खरगे यांनी आघाडीला किमान २९५ जागा मिळतील असं सांगितलं. त्याच संध्याकाळी एक्झिट पोल आले आणि त्यांनी एनडीएला साडेतीनशे ते चारशेच्या घरात नेऊन ठेवलं. राहुल गांधी यांना आकडा विचारला, तर त्यांनी सिद्धू मूसेवाला याच्या ‘२९५’ या गाण्याची आठवण करून दिली. ४ जूनला मतं मोजली आणि आघाडीचा अंदाज फारसा चुकला नाही असंच म्हणावं लागेल. २९५ च्या अगदी जवळ, २९३ जागा आल्या; फक्त त्या एनडीएला आल्या. आघाडी २३४ वर राहिली. पण एनडीएला ३६१ ते ४०१ देणाऱ्या संस्थेचे प्रमुख प्रदीप गुप्ता टीव्हीवर सगळ्यांसमोर रडले, आणि हरलेल्या बाजूनं पेढे वाटले.

परदेशातले नेते अशा वेळी जास्त शांत राहतात, हा गैरसमज ब्रिटनच्या गॉर्डन ब्राउन यांनी दूर केला आहे. जून २००७ मध्ये ते पंतप्रधान झाले, सुरुवातीचे कल झकास होते, आणि सप्टेंबरपर्यंत लवकर निवडणूक घेण्याची कुजबुज त्यांच्याच गोटातून गावभर झाली. ऑक्टोबरच्या पहिल्याच दिवशी विरोधी हुजूर पक्षाच्या जॉर्ज ऑस्बोर्न यांनी वारसा करात मोठी सवलत जाहीर केली आणि पाच-सहा दिवसांत कल उलटले. ६ ऑक्टोबरला ब्राउन यांनी निवडणूक घेत नसल्याचं सांगितलं. इथवर ठीक होतं. पण या निर्णयाचा सर्व्हेंशी काही संबंध नाही, शंभर जागांचं मताधिक्य दिसत असतं तरी मी हेच केलं असतं, असंही ते म्हणाले. चारच दिवसांनी विरोधी पक्षनेते डेव्हिड कॅमेरून यांनी संसदेत चिमटा काढला: जिंकणार असं वाटत असूनही निवडणुकीतून पळ काढणारे हे इतिहासातले पहिले पंतप्रधान. ब्राउन यांनी मग २०१० पर्यंत वाट पाहिली आणि ते हरले.

ऑस्ट्रेलियाच्या माल्कम टर्नबुल यांची कथा याहून सुबक आहे. १४ सप्टेंबर २०१५ ला त्यांनी आपल्याच पक्षाचे पंतप्रधान टोनी ॲबट यांच्याविरुद्ध बंड केलं. कारण देताना सांगितलं की न्यूजपोल या सर्व्हेत आपण लागोपाठ ३० वेळा मागे पडलो आहोत. ॲबट गेले, टर्नबुल आले. आता देशातल्या प्रत्येक पत्रकाराकडे एक पट्टी तयार होती, आणि ती टर्नबुल यांनी स्वतः आखून दिली होती. न्यूजपोल दर दोन-तीन आठवड्यांनी यायचा, टर्नबुल मागे पडायचे, आणि वर्तमानपत्रं ‘एकवीस’, ‘बावीस’ अशी मोजदाद करायची. एप्रिल २०१८ मध्ये तीस भरले. ते विधान केल्याचा पश्चात्ताप होतो, असं टर्नबुल म्हणाले. ऑगस्टमध्ये त्यांच्याच पक्षानं त्यांना घरी पाठवलं.

त्यांच्या जागी आलेले स्कॉट मॉरिसन मे २०१९ मध्ये सगळ्या कलांना खोटं पाडून निवडून आले, आणि इथे या गोष्टीचा धागा तिरुवनंतपुरमला येऊन पोचतो. मॉरिसन जिंकले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १९ मे २०१९ ला, भारतात एक्झिट पोल आले आणि त्यांनी पुन्हा मोदी सरकार दाखवलं. तिरुवनंतपुरमचे खासदार शशी थरूर यांनी ट्वीट केलं की सगळे एक्झिट पोल चुकीचे आहेत, ऑस्ट्रेलियात नुकतेच ५६ वेगवेगळे पोल खोटे ठरले. भारतीय जनता पक्षाला खोटं पाडण्यासाठी थरूरांना जो आकडा सापडला तोही नेमका मोदींच्या छातीचा ५६ असावा, याला योगायोग म्हणून सोडून द्यावं लागतं. चार दिवसांनी भाजपला ३०३ आणि काँग्रेसला ५२ जागा मिळाल्या.

त्याच दिवसांत चंद्राबाबू नायडू दिल्ली, लखनौ, कोलकाता असे फिरत होते. एक्झिट पोलना जनतेची नाडी कळलेली नाही असं सांगत होते आणि नव्या सरकारची जुळवाजुळव करत होते. त्यांच्या धीराला एक आधार होता. घसरलेल्या नेत्यासाठी कुठेतरी एक तरी अनुकूल सर्व्हे असतोच, तसा तेलुगू देसमला माजी खासदार लगडपाटी राजगोपाल यांचा होता. त्यांनी चंद्राबाबूंना शंभरच्या आसपास जागा देऊन सत्तेत बसवलं होतं. प्रत्यक्षात आंध्र विधानसभेच्या १७५ पैकी २३ आल्या. लगडपाटींनी यापुढे सर्व्हेपासून लांब राहणार असल्याचं जाहीर केलं. पाच वर्षांनी पारडं फिरलं. मतदान झाल्यावर, मे २०२४ मध्ये, जगनमोहन रेड्डी आपल्या प्रचार सल्लागार संस्थेच्या कार्यालयात गेले आणि गेल्या वेळच्या १५१ पेक्षा जास्त जागा येतील असं तिथल्या मंडळींना सांगून आले. आल्या ११. मधला पाचाचा आकडा तेवढा गळला, असा विनोद आंध्रात त्या दिवशी मोबाइलमोबाइलवर फिरत होता.

पण सर्व्हेवर राग काढण्याच्या कलेत डोनाल्ड ट्रम्प यांच्या जवळपास कुणी नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांनी तत्त्वच सांगून टाकलं की विरोधात जाणारा कुठलाही पोल ही खोटी बातमी समजावी. जून २०१९ मध्ये त्यांच्या स्वतःच्या प्रचार यंत्रणेनं केलेले सर्व्हे फुटले, त्यांत महत्त्वाच्या राज्यांत बायडेन पुढे होते. असे सर्व्हे झालेलेच नाहीत, असं आधी सांगण्यात आलं. मग ते करणाऱ्यांपैकी काहींना कामावरून काढण्यात आलं. न झालेल्या कामाबद्दल नोकरी जाण्याचा हा प्रकार दुर्मीळ म्हटला पाहिजे. जून २०२० मध्ये सीएनएनच्या पोलमध्ये बायडेन १४ टक्क्यांनी पुढे दिसल्यावर पोल मागे घ्या आणि माफी मागा, असं पत्र वाहिनीला गेलं. वाहिनीनं नकार दिला.

हे सगळं घसरल्यावरचं झालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयोवा राज्यातल्या नामांकित सर्वेक्षक ॲन सेल्झर यांच्या पोलनं कमला हॅरिस यांना ट्रम्प यांच्यापुढे तीन टक्क्यांची आघाडी दिली. ट्रम्प आयोवा १३ टक्क्यांनी जिंकले, देशही जिंकले, आणि डिसेंबरमध्ये त्यांनी सेल्झर व त्यांचं वर्तमानपत्र यांच्यावर दावा ठोकला, तो ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या कायद्याखाली. निवडणूक जिंकूनही तीन दिवस मागे पडल्याचं दुःख कोर्टात नेणारा उमेदवार लोकशाहीनं पहिल्यांदाच पाहिला असेल.

हे सगळे नेते वेडे असतात असं मानणं मात्र चुकीचं ठरेल. सर्व्हे न मानणं हा त्यांच्या कामाचाच भाग असतो. तालुक्यातला कार्यकर्ता टीव्ही बघतो. आपला माणूस पडणार असं त्याच्या मनानं घेतलं, की मतदानाच्या दिवशी त्याची जीप उशिरा निघते, बूथवरचा चहा बंद होतो, आणि संध्याकाळपर्यंत तो समोरच्या मांडवात दिसू लागतो. देणगीदाराचा फोन लागत नाही. मोजणीच्या दिवशी प्रतिनिधी तिसऱ्या फेरीलाच उठून जातो, आणि मग शेवटच्या फेरीत चारशे मतांचा फरक उरला तर आक्षेप घ्यायला टेबलापाशी कुणी नसतं. २०१९ मध्ये एक्झिट पोल आल्यावर प्रियांका गांधी यांनी ध्वनिसंदेश पाठवून कार्यकर्त्यांना बजावलं होतं की खचू नका, स्ट्राँगरूमवरचा पहारा सोडू नका. ‘आम्ही सर्व्हे मानत नाही’ हे वाक्य पत्रकारांसाठी नसतंच. ते त्या जीपवाल्यासाठी असतं.

दुसरं कारण असं की प्रत्येक घसरलेल्या उमेदवाराच्या खिशात एक हॅरी ट्रुमन असतो. १९४८ च्या अमेरिकी निवडणुकीत ट्रुमन हरणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती. एल्मो रोपर या सर्वेक्षकानं सप्टेंबरातच पोल देणं थांबवलं, कारण आता विचारण्यासारखं काही उरलं नाही. न्यूजवीकनं ५० राजकीय पत्रकारांना विचारलं, पन्नासही जण त्यांचे प्रतिस्पर्धी ड्युई जिंकणार म्हणाले. ट्रुमन आगगाडीनं देशभर फिरत राहिले. ऑक्टोबरच्या शेवटी क्लीव्हलंडच्या सभेत ते म्हणाले की हे पोल नाहीतच, या झोपेच्या गोळ्या आहेत; मतदारानं घरी झोपून राहावं म्हणून विरोधक त्या वाटत सुटले आहेत. गॅलपच्या शेवटच्या पोलमध्ये ड्युई ४९.५ आणि ट्रुमन ४४.५ होते. निकालात ट्रुमन साडेएकोणपन्नासच्या आसपास आणि ड्युई ४५ वर. आकडे जवळपास तेच, नावं तेवढी उलटी. ‘ड्युईनं ट्रुमनला हरवलं’ असा मथळा छापलेलं शिकागो ट्रिब्यून हातात धरून हसणारे ट्रुमन तेव्हापासून जगभरच्या पडेल उमेदवारांचे कुलदैवत झाले.

आपल्याकडे ते स्थान २००४ ला आहे. ‘इंडिया शायनिंग’च्या झगमगाटात वाजपेयी सरकार परतणार, असंच बहुतेकांनी धरलं होतं; काँग्रेस १४५ आणि भाजप १३८ झाले. ताजं उदाहरण हरियाणाचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये झाडून सगळे एक्झिट पोल काँग्रेसच्या बाजूनं होते. राहुल गांधींनी प्रचारात गोहानाच्या जिलेबीचं कौतुक केलं होतं. मोजणीच्या सकाळी पहिल्या तासात काँग्रेसच्या कार्यालयाबाहेर मिठाई वाटून झाली, दुपारपर्यंत ९० पैकी ४८ जागा भाजपकडे गेल्या, आणि हरियाणा भाजपनं काँग्रेसच्या दिल्लीतल्या मुख्यालयाच्या पत्त्यावर एक किलो जिलेबी मागवून दिली. सर्व्हेवर विसंबण्याची किंमत एवढ्या गोड स्वरूपात क्वचितच वसूल होते.

महिनाभरानं महाराष्ट्राची पाळी होती. बहुतेक एक्झिट पोलनी महायुतीला झुकतं माप दिलं, आणि हरियाणा ताजं असल्यामुळे महाविकास आघाडीला ते झटकून टाकणं सोपं गेलं. संजय राऊत यांनी आघाडीच्या १६० च्या आसपास जागा येतील असं सांगितलं. महायुतीच्या तीन पक्षांना मिळून २३० मिळाल्या, आघाडीच्या तीन पक्षांना ४६. इथेही पोल चुकलेच. एवढं मोठं यश महायुतीला बहुतेकांनी दिलेलं नव्हतं, पण अशा चुकीबद्दल कुणी आयोगाला पत्र लिहीत नाही.

घसरणीवरचा सगळ्यात किफायतशीर उपाय या राज्यानं २०१९ मध्ये पाहिला होता. विधानसभेआधीचे बहुतेक सर्व्हे भाजप-शिवसेनेला दोनशेपार नेत होते. राष्ट्रवादीचे नेते रांगेनं पक्ष सोडत होते, उदयनराजे भोसले खासदारकीचा राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले होते. १८ ऑक्टोबरला साताऱ्यात शरद पवार सभेला उभे राहिले आणि पाऊस आला. पवारांनी सर्व्हेला शिव्या दिल्या नाहीत, बंदी मागितली नाही, अंडरकरंटचा उल्लेख केला नाही. लोकसभेला उमेदवार निवडताना आपली चूक झाली, असं त्यांनी भिजत सांगून टाकलं. साताऱ्याच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटील ८७ हजारांहून जास्त मतांनी जिंकले. युतीच्या १६१ आल्या. त्यानंतर राज्यात प्रत्येक पक्षाचे पुढारी पावसात भिजून भाषणं करू लागले, छत्री धरायला आलेल्या कार्यकर्त्याला हातानं दूर सारू लागले. चूक झाली म्हणायचा भाग मात्र त्यांनी उचलला नाही.

आणि मग मनोज तिवारी आहेत. ८ फेब्रुवारी २०२० ला दिल्लीत मतदान संपलं, सगळ्या एक्झिट पोलनी आम आदमी पक्षाला मोठं बहुमत दिलं. भोजपुरी गायक-अभिनेते, खासदार आणि तेव्हाचे दिल्ली भाजपचे अध्यक्ष तिवारी यांनी रात्री ट्वीट केलं: हे सगळे एक्झिट पोल फेल होतील, माझं हे ट्वीट सांभाळून ठेवा, भाजप ४८ जागा घेऊन दिल्लीत सरकार बनवेल. आतापासून ईव्हीएमला दोष देण्याची निमित्तं शोधू नका, असंही विरोधकांना जाता जाता बजावलं. तीन दिवसांनी निकाल लागला. ‘आप’ ६२, भाजप ८. ट्वीट सांभाळून ठेवायची विनंती लोकांनी मनापासून पाळली. पुढे प्रत्येक निवडणुकीच्या वेळी ते बाहेर काढलं जायचं, पुसून झटकून सगळ्यांना दाखवलं जायचं आणि परत ठेवलं जायचं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये भूमिका बदलल्या. यावेळी बहुतेक एक्झिट पोल भाजपच्या बाजूनं होते आणि सर्व्हे न मानण्याची पाळी ‘आप’ची होती. आम्हाला सर्व्हे नेहमीच कमी दाखवतात, असं पक्षाचे नेते सांगत होते, आणि २०१३ व २०१५ मध्ये ते खरंही ठरलं होतं. अरविंद केजरीवाल यांनी तर उलटतपासणीच घेतली: भाजपच्या ५५ जागा येणार असतील, तर आमच्या उमेदवारांना १५-१५ कोटींचे फोन कशाला येताहेत? भाजपनं आरोप फेटाळला आणि चौकशीसाठी लाचलुचपत विभागाचे अधिकारी केजरीवालांच्या दारात पोचले. ८ फेब्रुवारीला मतमोजणी झाली. केजरीवाल स्वतः नवी दिल्लीतून हरले. ‘आप’च्या जागा २२ आल्या आणि भाजपच्या बरोबर ४८. तारीख तीच, आकडा तोच. तिवारींच्या ट्वीटमध्ये फक्त साल घालायचं राहिलं होतं.